दोन पाठींवरचा कोट

मी एक कोट आहे. सरकारी कोट. जाड लोकरीचा, गडद निळा, पुढे बटणांच्या दोन रांगा, घेर गुडघ्याखाली पोचणारा. कोटाला कधी राग येतो का, असं तुम्ही विचाराल. येतो. माणसाच्या पाठीला वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की जे जे माणसाला येतं, ते सगळं कोटालाही येतं. फक्त बोलायला तोंड नसतं, म्हणून राग अस्तरात जिरवावा लागतो. माझ्या अस्तरात आता जागा उरलेली नाही. म्हणून बोलतोय.

माझा जन्म हॉलंडच्या उत्तरेला, झाउडवोल्ड गावात, कालव्याकाठच्या एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान सालोमन नीवेख यांचं. गाव त्यांना नीवेख मास्तर म्हणायचं. बुटके, टकलावर टोपी, तोंडात कायम दोन टाचण्या. टाचण्या न काढता बोलायची कला त्यांना साधली होती. ते ज्यू होते, पण हे मला फार उशिरा कळलं, कारण त्या काळी गावात कुणी कुणाला ते सांगत नसे. मास्तर म्हणजे ज्यांनी शिवलेली पँट बापाकडून मुलाकडे जाते ते मास्तर, एवढीच त्यांची ओळख.

नगरपालिकेनं गावच्या पोलीस शिपायासाठी मला शिवायला टाकलं. तो शिपाई मापाला आला, तेव्हा दाराच्या चौकटीतून वाकून आत शिरला. एप्पो ताम्मिंगा त्याचं नाव.

"ताम्मिंगा, सरळ उभे राहा की," मास्तर म्हणाले.

"सरळच उभा आहे, मास्तर."

"मग हा डावा खांदा कुठं निघालाय? उजव्याशी भांडलाय काय?"

एप्पो हसला. "लहानपणी बापाबरोबर दलदलीतलं जळण उपसायला जायचो. टोपली ह्याच खांद्यावर असायची."

"असू दे, असू दे. तुम्ही वाकडे असलात तरी कोट सरळ दिसला पाहिजे. सरकारच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"सरकारची अब्रू राहू दे बाजूला," आतून बेट्येबाई, मास्तरांची बायको, ओरडल्या, "त्यांना आधी कॉफी विचारा!"

माझ्या डाव्या खांद्यात मास्तरांनी जास्तीची भर घातली, ती इतक्या बेमालूमपणे की शोधूनही सापडू नये. बटणं लावली रोसेटनं, त्यांच्या मुलीनं. एकुलती एक, हाताची चपळ आणि तोंडाची त्याहून चपळ. बटण लावताना ती बापाला म्हणाली, "एवढा मोठा कोट! ह्यात आपलं अख्खं घर मावेल." एप्पोनं मला पहिल्यांदा घातलं आणि आरशात पाहिलं, तेव्हा त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आले होते.  घरी जाताना ज्या रस्त्यानं जायचं नव्हतं, त्याही रस्त्यानं गेला.

एप्पो काही देवमाणूस नव्हता. सकाळी उठला की कुरकुरायचा. कच्चा कांदा खायचा आणि मग लोकांच्या तोंडाजवळ जाऊन बोलायचा. त्याला एखादी गोष्ट पटायला वेळ लागे. त्याची बायको फ्राउके त्याला म्हणायची, "तुझं डोकं म्हणजे चर्चची घंटा. हलायला चार माणसं लागतात. पण एकदा हललं की अख्ख्या गावाची झोप उडवतं."

आमचं काम साधं होतं. कालव्यात पडलेली गाय काढायची. दिव्याशिवाय सायकल चालवणाऱ्याला दम द्यायचा. दारू प्यालेल्याला घरी पोचवायचा आणि त्याच्या बायकोच्या शिव्या आपणच खायच्या. मी पावसात भिजायचो, शेगडीजवळ वाळायचो, आणि वसंतात फ्राउके मला दोरीवर टांगून वेतानं अशी झोडपायची, की नवऱ्यावरचा वर्षभराचा राग तिथंच निघावा.

मग एका मे महिन्यात जर्मन आले.

माणसांची एक सवय मी तेव्हा पाहिली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पडदे ओढले. दुसऱ्या दिवशी ते थोडे सरकवले. तिसऱ्या दिवशी दुकानं उघडली आणि जो तो म्हणायला लागला, "वाटलं होतं तितकं वाईट नाही." जर्मनांनाही घाई नव्हती. त्यांचा पहिला हुकूम पुढच्या मार्चमध्ये आला, आणि तो इतका लहान होता की त्याला नाही म्हणायची लाज वाटावी. नदीवरच्या पोहण्याच्या जागी एक पाटी ठोकायची: ज्यूंना मज्जाव. एप्पोनं ती ठोकली. मी त्याच्या अंगावर होतो. मार्चच्या थंडीत तिथं पोहतं कोण, असं तो स्वतःशी पुटपुटला, आणि हातोडी पिशवीत टाकून घरी आला.

नंतरचा हुकूम थोडा मोठा. त्यानंतरचा आणखी थोडा. असं करत करत एक दिवस ज्यूंच्या सायकली जमा करायचं फर्मान आलं, आणि एप्पो नीवेख मास्तरांच्या दारात उभा राहिला. मास्तरांच्या कोटावर तोवर पिवळी चांदणी आली होती, प्रत्येक ज्यूनं छातीवर लावायची सक्तीची खूण. ती त्यांनीच शिवली होती. टाके इतके सरळ की बघणाऱ्याला शरम वाटावी. मास्तरांनी सायकल बाहेर काढली आणि पंप आणून चाकात हवा भरायला बसले.

"अहो, हे कशाला?" एप्पो म्हणाला.

"हवा कमी आहे. जो कोणी चालवणार त्याला त्रास कशाला?"

त्या संध्याकाळी एप्पोनं ताटाला हात लावला नाही. फ्राउकेनं विचारलं, "उद्या काय आणायला सांगतील?"

"सायकलच होती ती, फ्राउके."

"मी सायकलीचं विचारलं नाही."

मला एप्पोचाही राग आला आहे, हे मी लपवणार नाही. शरद ऋतूत शहरातून ट्रक आले आणि गावातल्या ज्यू कुटुंबांना घेऊन गेले. आमच्या ठाण्याला फक्त चौक मोकळा ठेवायचं काम होतं. एप्पो चौकात उभा राहिला, हात आडवा करून त्यानं दूधवाल्याची गाडी थांबवली, आणि त्याच्या आडव्या हातासमोरून, म्हणजे माझ्याच बाहीसमोरून, शाळेच्या मागे राहणारा खाटीक, त्याची बायको, तिची आई, सगळे गेले. खाटकाच्या बायकोनं एप्पोकडे पाहून मान हलवली. ओळखीचं माणूस दिसलं की आपण हलवतो तशी, सवयीनं. घरी आल्यावर एप्पो मला न काढताच खुर्चीत बसला. "मी रस्ता मोकळा ठेवला," तो म्हणाला.  त्या दिवसापासून त्याच्या डोक्याची ती जड घंटा हलायला लागली होती.

गावात आता ज्यूंपैकी नीवेख कुटुंब तेवढं उरलं होतं. बेट्येबाईंच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं, त्या अंथरुणावर होत्या. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून लिहून दिलं होतं, आणि त्या एका आजाराच्या आडोशाला ते तिघं जगत होते. बायकोचा आजार हेच ज्याचं नशीब ठरावं, अशी त्या शहाण्या माणसाची गत झाली होती.

मार्चमधल्या एका सकाळी ठाणेदार डोर्नबोस यांनी सगळ्या शिपायांना आपल्या टेबलाभोवती बोलावलं. लुब्बर्ट डोर्नबोस वयस्कर, पोटानं सुटलेले, निवृत्तीवर डोळा लावून बसलेले. वाईट माणूस नव्हते. हे वाक्य मी मुद्दाम म्हणतोय, कारण नंतर हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की त्याची मला शिसारी आली. टेबलावरच्या कागदाकडे बघत ते म्हणाले, "आजाऱ्यांनाही न्यायचंय आता. सवलत संपली. आज दुपारच्या गाडीनं. आपल्याकडे नीवेखचं घर तेवढं आहे. ताम्मिंगा, स्मेडेस, तुम्ही दोघं जा. म्हातारीसाठी खुर्ची घ्या."

राइन्ट स्मेडेस म्हणजे दुसरा शिपाई. नीटनेटका, केस पाणी लावून बसवलेले, वरिष्ठांसमोर टाचा जुळवणारा. त्यानं टाचा जुळवल्या.

"मी जात नाही," एप्पो म्हणाला.

डोर्नबोसना आधी ऐकूच आलं नाही. "काय म्हणालास?"

"मी जात नाही, साहेब. चोर असेल तर सांगा, आत्ता धरून आणतो. आजारी बाईला मी खुर्चीत घालून नेणार नाही."

"हा हुकूम आहे रे बाबा."

"आहे ना. मी नाही म्हणतोय."

बाकीचे शिपाई आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बुटांवर इतकं बघण्यासारखं काय होतं, देव जाणे. डोर्नबोस उठले, एप्पोला खिडकीजवळ घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तू नाही गेलास तर दुसरा कोणी नेईलच. मग आपल्या माणसानं नेलेलं काय वाईट? आपण निदान नीट नेऊ."

नीट! आजही तो शब्द आठवला की माझी लोकर उभी राहते. माणसाला मरणाकडे न्यायचं, पण नीट. धक्का न लावता. खुर्चीवर उशी ठेवून.

"साहेब," एप्पो म्हणाला, "दुसरा कोणी नेईल तो त्याचा प्रश्न. तो दुसरा मी असणार नाही."

"तुला बायको आहे."

"नीवेखनाही आहे."

डोर्नबोसनी खिडकीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "कंबर धरली म्हण. घरी जाऊन पड. मी आजारी म्हणून लावतो. कुणाचं काही बिघडत नाही."

हे ऐकून एप्पो पहिल्यांदा भडकला. "कंबर माझी ठणठणीत आहे! आजारी म्हणून गेलो नाही, असं कुणी म्हणायला नको. मी धडधाकट आहे आणि जाणार नाही."

"जेवणाच्या वेळेपर्यंत विचार कर," डोर्नबोस कपाळ पुसत म्हणाले. "मग शहरातला जर्मन साहेब येतोय. त्याच्यासमोर असली भाषा चालायची नाही."

एप्पो सायकलवर बसला. विचार करायला नव्हे. तो आधी घरी गेला. फ्राउके बटाटे सोलत होती. त्यानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, डोक्याला रुमाल बांधला आणि आणखी एक रुमाल खिशात घातला. "माझ्या बहिणीच्या शेतावर माणसं कमीच आहेत," एवढंच ती म्हणाली. आणि दारातून बाहेर पडताना, "घंटा हलली म्हणायची शेवटी."

नीवेखांच्या घरात शेगडी थंड होती. एप्पोनं निरोप सांगितला. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. त्यांना टाचण्यांशिवाय बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बेट्येला हलवता येणार नाही," ते म्हणाले. "आणि बेट्येला सोडून मी कुठं जाणार? तुम्ही रोसेटला घेऊन जा."

"मी नाही जायची," रोसेट म्हणाली.

"जाशील," आतून बेट्येबाई म्हणाल्या. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द घसरत होते, पण आवाजातला हुकूम तसाच होता. "आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस. आज ऐक."

"आई, तुला पाणी कोण देणार?"

"तुझा बाप. तीस वर्षं कॉफी मागतोय, एक दिवस पाणी देईल."

रोसेट हसली आणि त्याच श्वासात रडायला लागली. मास्तरांनी तिचा कोट खुंटीवरून काढला, खिडकीपाशी उजेडात धरला आणि लहान कात्रीनं त्यावरची चांदणी उसवायला घेतली. एकेक टाका. फ्राउके दारापाशी उभी राहून रस्त्यावर नजर ठेवत होती. "मास्तर, ओढून काढा ना," ती म्हणाली. "वेळ नाही."

"ओढली तर दोऱ्याची भोकं राहतात," मास्तर म्हणाले. "भोकं कुणालाही दिसतात." चांदणी निघाली. त्यांनी त्या जागेवर ओला ब्रश फिरवला, नखानं लोकर विंचरली, पुन्हा उजेडात धरून पाहिलं. काही दिसत नव्हतं. मग त्यांनी मुलीला कोट चढवला, वरचं बटण लावलं आणि तिच्या कपाळाला ओठ लावले. फ्राउकेनं आपला रुमाल तिच्या डोक्याला बांधला. दोघी शेजारणी बाजाराला निघाव्यात तशा कालव्याच्या कडेनं चालत गेल्या. रोसेटनं मागे वळून पाहिलं नाही. फ्राउकेनं तिचा दंड इतका घट्ट धरला होता की तिला वळता आलंच नसतं.

एप्पो निघाला तसे मास्तर म्हणाले, "थांबा. बटण लोंबतंय तुमचं."

"मास्तर, आत्ता?"

"मग कधी?"

आणि त्यांनी ते लावलं. एप्पो त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखा उभा राहिला.  दोरा तोडताना मास्तरांचं डोकं माझ्या छातीला लागलं, आणि आत एप्पोचं काळीज कसं धडधडत होतं ते आम्ही दोघांनीही ऐकलं.

जेवणाच्या वेळी एप्पो ठाण्यात हजर झाला. पळून गेला नाही. जर्मन साहेब खुर्चीत बसला होता, हातमोजे न काढता. त्यानं विचारलं आणि दुभाष्यानं सांगितलं, "तू जाणार का नाही, ते हो किंवा नाहीमध्ये सांग."

"नाही."

"कारण?"

"मला कुणी कारण दिलं का, त्या बाईला का न्यायचं याचं?"

दुभाष्यानं ह्या वाक्याचं भाषांतर करायचं टाळलं. पण साहेबाला सूर कळला. त्यानं बोटानं खूण केली. एप्पोचा पट्टा काढला, तलवार काढली, आणि मग मला काढलं. मार्चचं वारं होतं, दार उघडं होतं. सदऱ्यावर उभा असलेला एप्पो, आणि त्याचा डावा खांदा पुन्हा खाली आलेला. त्याला गाडीत घालून नेलं. दक्षिणेकडच्या छावणीत टाकलं, असं नंतर ऐकलं. मी तिथं नव्हतो, त्यामुळे तिथलं काही सांगू शकत नाही. तोही पुढे कधी सांगायचा नाही.

मी खुंटीवर राहिलो. फार वेळ नाही. स्मेडेसचा कोट कोपरावर विरला होता. तो माझ्याकडे बघून डोर्नबोसना म्हणाला, "साहेब, हा घेऊ का? त्याला आता काय उपयोग?"

डोर्नबोसनी मान हलवली. हलवली म्हणजे हो म्हणाले का नाही, तेही धड कळलं नाही. असंच असायचं त्यांचं.

आणि त्याच दुपारी, त्याच दारात मी पुन्हा उभा राहिलो. दार तेच, मी तोच, फक्त आतला माणूस दुसरा. मला हात असते तर मी माझी बटणं स्वतः तोडली असती. बाह्या असतात माझ्याकडे, पण त्यांत हात दुसऱ्याचे असतात; कोटाचं दुर्दैव ते हेच.

मास्तरांनी दार उघडलं. आधी स्मेडेसच्या तोंडाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. डाव्या खांद्यावर एक उंचवटा आला होता, कारण स्मेडेसचे खांदे सरळ होते.

"हा कोट तुमचा नाही," मास्तर म्हणाले.

"कोट सरकारी आहे, मास्तर."

"कोट असेल सरकारी. खांदा ताम्मिंगांचा आहे."

स्मेडेसनं घसा खाकरला. "मुलगी कुठं आहे?"

"वाट चुकली असेल. रोज एका रस्त्यावर नवी बंदी घालता तुम्ही, पोरींनी लक्षात तरी काय काय ठेवायचं?"

स्मेडेस उर्मट नव्हता. त्यानं बेट्येबाईंना दुसऱ्या शिपायाच्या मदतीनं अलगद खुर्चीत बसवलं, पायांवर घोंगडी टाकली, मास्तरांची पिशवी स्वतः उचलली. "सांभाळून हं, उंबरा आहे," असंही म्हणाला. स्टेशनवर बेट्येबाईंनी चांगला असलेला हात वर केला आणि माझी बाही धरली. डब्यात चढवेपर्यंत धरून ठेवली. त्या स्मेडेसला धरत नव्हत्या. त्यांच्या घरात शिवलेल्या एका वस्तूला धरत होत्या. स्मेडेसनं त्यांची बोटं सोडवली. एकेक करून. अगदी नीट.

घरी येऊन त्यानं हात धुतले आणि वाटाण्याचं सूप दोनदा वाढून घेतलं. बायकोला म्हणाला, "फार वाईट वाटलं गं." खोटं नाही, त्याला वाईट वाटत होतं. त्या घरापासून स्टेशनपर्यंत सबंध वाट त्याला वाईट वाटत होतं, आणि सबंध वाट तो चालत होता. ज्यांना न्यायचं त्यांना त्या वाईट वाटण्याचा काडीइतका उपयोग झाला नाही. नीवेख मास्तर आणि बेट्येबाई पोलंडमधल्या छावणीतून परत आले नाहीत. त्यांच्यासारखे लाखो आले नाहीत.

युद्ध संपेपर्यंत मी स्मेडेसच्या पाठीवर राहिलो. सुटकेच्या दिवशी रस्त्यावर नाच चालला होता, तेव्हा त्यानं माझ्या छातीवर हॉलंडच्या राजघराण्याची नारिंगी फीत लावली. स्वातंत्र्याची फीत! माझ्यावर!

उन्हाळ्यात एप्पो परतला; हे मी पुढे रोसेटच्या तोंडून ऐकलं. फ्राउकेनं दार उघडलं आणि तिला तो ओळखू आला नाही. त्यानं "कांदा आहे का घरात?" असं विचारलं, तेव्हा ओळखू आला. फ्राउकेच्या बहिणीच्या शेतावर लपून राहिलेली रोसेट परत आली होती, ती त्यांच्याकडेच वरच्या खोलीत राहत होती. तिच्या बापाच्या घरात दुसरं कुटुंब राहत होतं, बेट्येबाईंचे पडदे तसेच ठेवून. रोसेटनं दार वाजवलं तर आतली बाई म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुमच्यापैकी आता कोणी येणार नाही."

मग युद्धात कोण कसं वागलं याच्या चौकशीला आपल्याच सरकारचे साहेब आले. स्मेडेस म्हणाला, हुकूम होता. डोर्नबोस म्हणाले, हुकूम होता. साहेबांनी माना हलवल्या. डोर्नबोस सत्कार होऊन निवृत्त झाले. स्मेडेस नोकरीत राहिला. एप्पोलाही नोकरीवर परत घेतलं, पण शिस्तीचा प्रश्न आहे, असं कुणीतरी कुजबुजलं, आणि ती कुजबुज त्याला जन्मभर चिकटली. वरच्या जागेवर दर वेळी दुसऱ्याची नेमणूक होई. तो खोलीत आला की शिपायांचं बोलणं थांबायचं. ज्यानं चूक केली त्याला माणसं माफ करतात. ज्यानं ती केली नाही त्याला मात्र करत नाहीत, कारण तो समोर असला की 'इलाज नव्हता' असं म्हणता येत नाही.

एकदा ठाण्यात स्मेडेसनंच तोंड उघडलं. "तू नाही गेलास, एप्पो. मान्य. पण माणसं तर गेलीच ना? काय मिळवलंस?"

एप्पोला उत्तर द्यायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. "त्यांना दुसरा शोधावा लागला," तो म्हणाला. "तू लगेच सापडलास. तू सापडला नसतास तर त्यांना तिसरा शोधावा लागला असता. सगळ्या देशात शोधत बसले असते, राइन्ट. गाडी चुकली असती त्यांची."

 स्मेडेसनं मला खुंटीवरून काढून एप्पोपुढे धरलं. "घे तुझा कोट. बस झालं."

"मला नको," एप्पो म्हणाला.

ही गोष्ट फ्राउकेकडून रोसेटच्या कानावर गेली. रविवारी चर्च सुटलं, लोक पायऱ्यांवर उभे होते, स्मेडेस बंदोबस्ताला होता. रोसेट गर्दीतून सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तो कोट उतरवा."

"रोसेटबाई, हे काय, लोक बघताहेत."

"बघू देत. तेव्हा पडद्याआडून बघत होते, आज उघड बघू देत. माझ्या बापानं शिवलाय तो. उतरवा."

 स्मेडेसनं एकेक करून बटणं सोडली. त्यानं मला काढलं आणि दिलं. रोसेटनं घडी घातली, छातीशी धरलं आणि ती गेली. इतकी वर्षं मी माणसांच्या अंगावर होतो. कुणी मला कवटाळून नेलं ते तेव्हाच.

तिच्या कपाटात मी म्हातारा झालो. ती शिवणकाम करून जगली, लग्न केलं नाही. एप्पो गेला, मग फ्राउके गेली. एप्पोच्या अंत्यविधीला नगराध्यक्ष आले आणि चांगलं भाषण केलं. "त्या काळ्या दिवसांत आपले पोलीस नागरिकांच्या पाठीशी उभे राहिले," असं म्हणाले. पोलीस! अनेकवचन! ज्या माणसाशी हे गाव धड बोललं नाही, त्याचा नकार गावानं त्याच्या शवपेटीवरून उचलला आणि आपसांत वाटून घेतला. रोसेट घरी येऊन कपाटाचं दार उघडून माझ्यासमोर कितीतरी वेळ उभी होती.

शेवटी काठी टेकत तिनं मला गावच्या संग्रहालयात नेलं. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला ती म्हणाली, "खाली दोन नावं लिहायची. सकाळी हा ताम्मिंगांच्या अंगावर होता. दुपारी स्मेडेसच्या."

तो अवघडला. "आजी, स्मेडेस यांची नातवंडं याच गावात राहतात हो."

"राहोत ना. सुखानं राहोत. आजोबांनी काय केलं हे कळलं म्हणून त्यांच्या घरात कुणी दुसरं येऊन राहणार नाही."

त्यानं 'बघतो' म्हटलं. रोसेट पुढच्या थंडीत वारली.

आता मी काचेआड आहे. खाली लिहिलंय: युद्धकाळात ज्यूंना पकडण्यास नकार देणाऱ्या झाउडवोल्डच्या पोलिसांचा कोट. लोक येतात, थांबतात, अभिमानानं श्वास घेतात आणि पुढे जातात. शाळेच्या बाई मुलांना सांगतात, तेव्हा फार कठीण दिवस होते, कुणाच्याच हातात काही नव्हतं. माझ्या बाहीत ज्याचा हात होता, त्याच्या हातात होतं हो! आणि ज्याचा नंतर होता, त्याच्याही होतं!

तुम्ही कधी इथं आलात, तर माझ्या बटणांचं कौतुक करू नका. त्या तरुण अधिकाऱ्याला, आता तोही म्हातारा झालाय, गाठा आणि सांगा की कोटानं नकार दिला नाही, गावानंही दिला नाही. एका माणसानं दिला, आणि दुसऱ्यानं त्याच दुपारी तोच कोट घालून दार वाजवलं. दोघांची नावं लिहा म्हणावं. पाटीवर जागा आहे. मी रोज बघतो.